पन्हळ ओलांडू नये

एसटीच्या स्टिअरिंगवर माझी उमर गेली. धाराशिव ते उमरगा, धाराशिव ते तुळजापूर, आणि शेवटी शेवटी बेंबळीची मुक्कामी गाडी. लोक वाहनं कशी हाकतात ते बघून बघून रस्त्यावरच्या कुणाच्याही अकलेवर माझा भरवसा राहिला नाही. त्यामुळे माझी वैष्णवी जेव्हा म्हणाली, "नाना, मला विमान शिकायचंय," तेव्हा मी म्हणालो, "शीक की. वर निदान म्हशी तरी आडव्या येणार न्हाईत." घरात हशा पिकला. आज तो विनोद आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

धाराशिवच्या बाहेर माळावर धावपट्टी आहे, तिथं ती शिकायची. एकदा तिला सोडायला गेलो आणि चक्रावलो. मला वाटलं होतं एखादं विमान असेल, जत्रेतल्या पाळण्यासारखी पोरं पाळीपाळीनं बसत असतील. बघतो तर डोक्यावर मोहोळ उठलेलं. एक उतरतंय, एक चढतंय, काही घिरट्या घालतायत, आणि लातूर नाहीतर सोलापूरकडचं एखादं पाहुणं मधूनच निघून जातंय. हे सगळं आवरतं कोण, म्हणून विचारलं तर वैष्णवी म्हणाली, "कुणीच न्हाय. आमचं आमी."

"म्हंजे? सिग्नल न्हाय, हवालदार न्हाय?"

"रेडिओ आहे की. आपण कुठं आहोत, किती उंचावर आहोत, कुठं वळणार, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. आणि डोळे उघडे ठेवायचे. आधी बोला, मग बघा, मग वळा."

"मग आमच्या घाटासारखंच. हॉर्न दिल्याबिगर वळायचं न्हाय."

"अगदी तसंच," ती म्हणाली. बापाला खूश करायची तिला चांगली सवय होती.

घरी जेवताना तिनं ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि मला नंदीमाळ समजावून सांगितला. उतरायला गर्दी झाली तर विमानानं थांबायचं कुठं? गाडी कडेला घेता येते, विमान घेता येत नाही. धावपट्टीच्या वरच्या अंगाला नंदीमाळ नावाची टेकडी आहे, तिच्यावर महादेवाचं दगडी देऊळ. आपली पाळी येईपर्यंत त्या टेकडीच्या वर गोल फिरत राहायचं. सगळ्यांनी एकाच बाजूनं फिरायचं, देऊळ डाव्या हाताला ठेवून. एरवी प्रत्येकाची उंची वेगळी असते. पण ढग खाली आले आणि वरची उंची मिळाली नाही, तर दोघं एकाच उंचीवर फिरतात, एक टेकडीच्या या अंगाला, एक त्या अंगाला. तिनं तांब्याभोवती दोन वाट्या फिरवून दाखवल्या. "दोघं एकाच बाजूनं फिरायलेत तवर एकमेकांना भेटणारच न्हाईत, नाना."

"आणि एखादा उलटा फिरला तर?"

"कशाला फिरंल?" ती म्हणाली आणि एका वाटीत आमटी वाढून घेतली.

मल्लेश तिच्या बरोबरचा. मुरुमचा पोरगा. वडील महालिंगप्पा मुरुमच्या बाजारात आडत दुकान चालवतात, बोलतात तेही तोलून. आई शिवम्मा म्हणजे देवाधर्माचं माणूस, सोमवारी महादेवाचं दर्शन घेतल्याशिवाय घोटभर पाणी घेणार नाही. एकुलतं एक पोर. आमच्याकडं दोनदा जेवायला आला होता. मराठीत बोलता बोलता कानडीत शिरायचा, आमची तोंडं बघायचा आणि स्वतःच हसत सुटायचा. माझ्या बायकोला, द्वारकाबाईला, तो फार आवडायचा. भाकरी वाढताना ती त्याला विचारायचीच नाही, ताटात टाकून मोकळी. वैष्णवी शिकण्यात त्याच्या थोडी पुढं होती, म्हणून त्याच्यावर दादागिरी करायची. तो ती निमूट करून घ्यायचा.

माघ महिना होता, सोमवार होता, आणि आभाळात अवकाळीचे ढग उतरले होते. मल्लेशचं धावपट्टीभोवती एकट्यानं फिरून झालं होतं; पण नंदीमाळापर्यंत एकटा तो त्या दिवशी पहिल्यांदाच गेला. वैष्णवीही दुसऱ्या विमानात एकटीच होती. उतरायला रांग लागली म्हणून दोघं टेकडीवर फिरत थांबले, ढगांमुळे एकाच उंचीवर. आणि मल्लेश उलटा फिरला. त्याच्या पंखाचं टोक वैष्णवीच्या विमानाच्या शेपटीला लागलं. तिनं ते कसंबसं एका काढलेल्या तुरीच्या रानात आणून टाकलं. विमान उलथं झालं, हिचा खांदा आणि पाय मोडला. मल्लेशचा पंख तुटला. तो देवळाच्या खाली उतारावर पडला, आणि तिथंच गेला.

हे मला त्याच दिवशी दवाखान्यात तिच्याच तोंडून कळलं. तिला भूल उतरून शुद्ध येत होती, माझा हात घट्ट धरून ती बोलत होती.

"मी त्याला बघितलं, नाना. मधी ढगाचा एक तुकडा होता, त्यातनं एकदम समोर आला. त्याचं तोंड खाली होतं, देवळाकडं. समोरासमोर आलं की दोघांनी आपापल्या उजवीकडं जायचं, नियमच आहे. मी टाकलं उजवीकडं. तो तसाच आला."

"आगं पण तो उलटा फिरलाच कशाला? येडा होता का?"

तिनं डोळे मिटले. मग जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीवर बसलो तो उठलोच नाही.

त्या दिवशी सकाळी कँटीनमध्ये चहा घेताना मल्लेशनं तिला सांगितलं होतं. तो बोलता बोलता एकदा आईला म्हणाला होता की, अव्वा, मी तर रोज महादेवाला फेऱ्या घालतो, वरून. आई आधी हरखली. मग तिनं बारीक चौकशी केली. देव डाव्या हाताला? हे तर उलटंच. आणि पुरी फेरी? पन्हळ ओलांडून? शिवम्माचा जीव खाली-वर झाला. महादेवाच्या पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नसते, हे आपल्याकडं शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही माहीत असतं. पन्हळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं माघारी फिरायचं. शिवम्मानं त्याला बजावलं होतं की शिकवणारा गुरू शेजारी बसतो तेव्हा तुझा इलाज नाही, पण एकटा जाशील तेव्हा पन्हळ ओलांडायची नाही. त्यानं आईला शब्द दिला होता.

"मला म्हणला, आज अव्वाचं काम करणार," वैष्णवी म्हणाली. "मी हसले, नाना. मला वाटलं चेष्टा करायलाय. मी म्हणले, एवढ्या वर कसली आली पन्हळ?"

"आणि रेडिओवर? सांगून वळायचं असतं ना?"

"सांगितलं असंल. दोघं एकदम बोलले की कुणाचंच ऐकू येत न्हाय. त्याच वेळी दुसरं कुणीतरी बोलत असंल." तिनं माझा हात आणखी घट्ट धरला. "तो सांगितल्याबिगर वळणार न्हाय. नुसता विचार करा ना. अव्वाचं ऐकणारा पोरगा नियम कसा मोडंल?"

चौकशीला मोठे साहेब आले. त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर पाहिजे होतं, आणि त्या प्रश्नावर माझ्या पोरीचं सगळं आयुष्य अडकलं होतं. उलटं कोण फिरलं आणि का? मोठ्या विमानात सगळं टिपून ठेवणारं खोकं असतं म्हणतात, या खेळण्याएवढ्या विमानांत तसलं काही नव्हतं. खालून बघणारं कुणी नव्हतं. वैष्णवी म्हणत होती की तो फिरला. पण चांगला शिकलेला, सावध, कधी मस्ती न करणारा पोरगा मधूनच उलटा का फिरेल, याचं कारण ती सांगत नव्हती. कारण नाही म्हटल्यावर लोक आपलं आपण कारण जोडतात. मुरुमात बोललं जाऊ लागलं की पोरगीच उलटी आली, आणि मेलेल्यावर ढकलून मोकळी झाली. पुढं तिला विमानाला हात लावू द्यायचा का नाही, हे साहेबांच्या निकालावर होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"सांगून टाक की त्यानला! पन्हळीचं सांग! तुझी काय चूक हाय यात?"

"आणि शिवम्मा मावशीला कळलं तर?"

"कळू दे. खरंय ते खरंय."

"तिच्या शब्दापायी तिचा पोरगा गेला, हे तिला कळू दे?" ती म्हणाली. द्वारकाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. ती आत येऊन पोरीपाशी बसली, आणि ती कुणाच्या बाजूला आहे ते मला कळलं.

तरीही मी हार मानली नव्हती. माझी पोर लहानपणी आमच्या पत्र्यावर चढून पाखरं बघत बसायची, उन्हातान्हात. तिला खाली उतरवताना आम्ही जेरीला यायचो. आता तिला कायमचंच खाली उतरवायचं, आणि तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी? मी मनाशी ठरवून टाकलं की ती नाही बोलली तर मी बोलेन. साहेबांपुढं बोलेन, नाहीतर थेट मुरुमला जाऊन बोलेन.

तिची साहेबांपुढची जबानी ठरली त्याच्या आदल्या दिवशी तीच म्हणाली, "नाना, आधी मुरुमला जायचंय. मावशीला भेटायचंय." मला बरं वाटलं. मी मेव्हण्याची जीप मागून आणली, तिच्या कुबड्या मागं टाकल्या आणि निघालो. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. जे सांगायचंय ते कुणाला लागणार नाही असं कसं सांगावं, त्याची वाक्यं. एकही जुळलं नाही.

महालिंगप्पांचं घर दुकानाच्या मागंच. ते दारात उभे होते. "या, उत्तरेश्वरराव," म्हणाले. माणूस अर्धा झाला होता. आत शिवम्मा भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर भस्म नव्हतं. देवळीतल्या देवावर कुणीतरी पांढरं फडकं टाकून ठेवलं होतं, आणि ते कुणी टाकलंय हे विचारायची गरज नव्हती. मी आयुष्यात रडणाऱ्या आया पुष्कळ बघितल्या. ही रडत नव्हती.

वैष्णवीला कुबड्यांवर बघून ती म्हणाली, "ये. बस हितं माझ्यापाशी. पाय दुखतो का?"

"न्हाय, मावशी."

"तू त्याच्यासंगं वर हुतीस. मला एकच इचारायचंय. म्या समद्यांना इचारलं, कुणी सांगंना मला. तू सांग." तिनं वैष्णवीचा हात धरला. "त्यानं पन्हळ ओलांडली का?"

महालिंगप्पा माझ्याकडं बघायला लागले आणि मी जमिनीकडं.

"ओलांडलीच असंल," शिवम्माच म्हणाली. "घसा फोडून सांगितलं हुतं म्या. व्हय अव्वा, व्हय अव्वा म्हणला. आणि वर गेल्यावर इसरला. मग देव कोपंल न्हाईतर काय करंल? कायम माझं ऐकणारं लेकरू ते, आणि येकदाच न्हाय ऐकलं. येकदाच! त्याच्या समाधीवर म्या अजून फूल घातलं न्हाय. का घालू? आईचा शबुद मोडून गेला त्यो. देवावर बी मला राग हाय आणि त्याच्यावर बी हाय. कुणावर जास्ती हाय ते मला कळंना झालंय."

मग मला कळलं की ही बाई रडत का नाही. ती लेकावर रुसून बसली होती. जो आज्ञेसाठी मेला, त्यानं आज्ञा मोडली म्हणून. खरं काय ते माझ्या जिभेवर होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. माझी पोर मोकळी झाली असती. आणि माझं तोंड उघडेना. एसटीतल्या कंडक्टरापासून आगारप्रमुखापर्यंत सगळ्यांशी तावातावानं भांडलेला मी माणूस, त्या घरात मुका होऊन बसलो.

वैष्णवी म्हणाली, "त्यानं ओलांडली न्हाय, मावशी."

शिवम्मानं मान वर केली.

"पन्हळीपाशी आला आणि तिथनं माघारी फिरला. तुम्ही सांगितलं तसंच. मी बघितलं, लांबनं."

"खरं?"

"तुमच्या पायाशपथ. सकाळी मला चहा पिताना म्हणला बी होता, आज अव्वाचं काम करणार."

शिवम्माच्या तोंडातून एक आवाज आला. तो रडण्याचाही नव्हता, हसण्याचाही नव्हता. "ऐकलं," ती म्हणाली. "आवं, ऐकलं का? ऐकलं त्यानं माझं!" आणि इतक्या आठवड्यांनी तिला रडू फुटलं. ती नवऱ्याकडं बघून पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागली, माझं सोनं, माझं शाणं लेकरू म्हणत. मलाही राहवलं नाही, मी मुकाट डोळे पुसले. महालिंगप्पा मात्र रडत नव्हते. ते दोन्ही हातांनी खुर्चीचा दांडा धरून बसले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आडत्याच्या धंद्यात हयात गेलेला माणूस. एकाच्या पुढं काय येतं ते त्यांना बायकोच्या आधी कळलं होतं.

शिवम्माचं रडणं मधेच थांबलं.

"माघारी फिरला," ती हळूहळू म्हणाली. "आणि तू... तू समोरनं येत हुतीस?"

"व्हय."

"मग माघारी फिरला म्हून..."

तिला ते वाक्य पुरं करू द्यायचं नव्हतं. वैष्णवीनं करू दिलं नाही. ती अगदी शांतपणे, उजळणी म्हणावी तशी म्हणाली, "न्हाय, मावशी. माघारी फिरायला जागा रग्गड होती. तो बरोबर फिरला. मला फिरताना दिसला सुद्धा. मी म्हणलं असू दे, आणि मान खाली घालून समोरच्या मीटरचे काटे बघत बसले. वर बघायला पायजे होतं, मी बघितलंच न्हाय. मी बघितलं असतं तर काहीच झालं नसतं. त्याची काही चूक न्हाय आणि दुसऱ्या कुणाचीच न्हाय. चूक माझी आहे."

दवाखान्यात ती ढगाबद्दल बोलली होती. इथं ढग नव्हता. दवाखान्यात तिनं उजवीकडं वळवलं होतं. इथं तिनं काहीच केलं नव्हतं.

शिवम्मा तिच्याकडं बघत राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ताकद आली, ती मी स्पष्ट बघितली. "काटे बघत हुतीस?" ती म्हणाली. "माझं पोरगं समोर आणि तू काटे बघत हुतीस?" तिनं वैष्णवीचा हात झिडकारला आणि उठून तिला ढकललं, मोडक्या खांद्यावरच. "ऊठ! ऊठ माझ्या घरातनं! पुन्यांदा तोंड दावू नगंस!"

वैष्णवी ओठ चावत उठली. मी तिला धरायला पुढं झालो तर मानेनंच नको म्हणाली. कुबड्या काखेत घेतल्या, शिवम्माला वाकून नमस्कार केला, जमला तेवढा, आणि दाराबाहेर पडली. आपल्या निर्दोष पोरीला कुणाच्या घरातून हाकलून देताना बघणं, आणि तोंड मिटून तिच्यामागं चालणं, यासारखी वाईट गोष्ट माझ्या वाट्याला दुसरी आली नाही.

महालिंगप्पा अनवाणी जीपपर्यंत आले. दाराची कडी धरून उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "उद्या सायबाला खरं काय ते सांग. हिला मी सांभाळतो."

"कसं सांभाळणार, अप्पा?"

त्यांनी मागं वळून घराकडं बघितलं.

"मी आत जे बोलले तेच उद्या बोलणार," वैष्णवी म्हणाली. "तुम्ही बी तेच खरं धरा. जावा आत, मावशी एकटी आहे."

त्यांनी हात जोडले. माझ्या वयाचा माणूस, माझ्या पोरीपुढं हात जोडून उभा. त्यांच्या डोळ्यांत लाज होती आणि लाजेच्या खाली सुटका होती. मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसाच हात जोडून उभा राहिलो असतो.

परतीच्या वाटेवर मी तिला खूप बोललो. आईबापानं तुला याच्यासाठी वाढवलं का, तिथपर्यंत बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "नाना, समोर बघा, ट्रक येतोय."

दुसऱ्या दिवशी धाराशिवला साहेबांच्या खोलीबाहेर मी बाकावर बसलो. दार बंद होतं, आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. ती बाहेर आल्यावर तिला शिकवणारे कॅप्टन तिथं उभे होते. ती त्यांना म्हणाली, "सर, एक मागणं आहे. थांबायची जागा नंदीमाळावरून हलवा. तलावावर न्या. देवळाभोवती कुणाला फिरवू नका. कारण विचारू नका." कॅप्टन म्हणाले, "हलवतो." माणूस शब्दाला जागला, आता विमानं तलावावर फिरतात.

निकाल यायचा तसा आला. मल्लेशनं दिशा का बदलली ते कळू शकलं नाही, आणि समोरच्या वैमानिकानं बाहेर लक्ष ठेवलं नाही, असा. वैष्णवीचं शिक्षण तिथंच थांबलं. मध्यंतरी महालिंगप्पांचा फोन आला होता, शिवम्मा आता समाधीवर रोज फुलं वाहते म्हणाले. माझ्या पोरीला मात्र ती अजून शिव्या देते, तेही त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, देऊ द्या.

पण मला सांगायचंय ते त्या दिवसाचं, साहेबांच्या खोलीबाहेरचं. कॅप्टन गेल्यावर मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "काय सांगितलंस आत?"

"मी काटे बघत होते, हे."

"ते झालं त्यानला सांगायचं. आता मला सांग. मी तुझा बाप हाय. ढग होता ना मधी? तू वळवलं होतंस ना उजवीकडं?"

तिनं पाण्याचा घोट घेतला. "नाना, दवाखान्यात मी काय बोलले ते मला आठवत न्हाय. तुमचं तोंड बघून काहीतरी बोलले असंन. ढग नव्हता. मी काटेच बघत होते. तेच खरंय."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. ती माझ्याकडं सरळ बघत होती. तिचा आवाज अगदी शांत होता. आदल्या दिवशी शिवम्माशी बोलताना तो असाच होता. तिनं दवाखान्यात बापाला सावरलं होतं की मुरुमात त्या आईला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. मी पुन्हा कधी विचारलं नाही. जे काही सांगेल ते ती याच आवाजात सांगेल.